मागच्या दारापासून अकरा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, इतरांच्या नाकावर राग असतो, आमच्या लॉर्नाच्या नाकावर त्याने घर बांधलंय. तो राग हसून गिळत मी सत्तावीस वर्षं विमानात काढली. त्यातली बारा वर्षं इन्चार्ज म्हणून. केबिनमध्ये जिचा शब्द शेवटचा, ती इन्चार्ज. पंखांच्या बिल्ल्याखाली एक निळी पट्टी असते, तेवढीच तिची खूण. माझ्या पट्टीचा रंग कडेने उडाला होता, पण मी कधी नवी मागितली नाही.

गेल्या ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. कारभाराची नवी घडी बसवायची आहे म्हणे. इन्चार्जची जागा रद्द, तिच्याऐवजी ‘फ्लाइट लीडर’ येणार. दोन वर्षांची नेमणूक, तरुण माणसं आणि पगार बेताचा. आम्ही बावीस जुने इन्चार्ज साध्या क्रूमध्ये जाणार, तेही मोठ्या विमानांवरून उचलून छोट्या विमानांवर, एक तृतीयांश पगार कापून. शिवाय मधल्या थांब्यांवर सफाईवाले येणार नाहीत, खुर्च्यांच्या खिशातला कचरा आम्हीच हातमोजे घालून काढायचा. पटत असेल तर सही करा, नसेल तर एकतीस डिसेंबरला रामराम.

युनियनच्या हॉलमध्ये आम्ही घसा बसेपर्यंत भांडलो. मतदान झालं आणि थोडक्यात हरलो. ज्यांनी करार मान्य केला त्यांना मी दोष देत नाही, त्यांचीही घरं आहेत. पूर्ण पेन्शनला माझी तीन वर्षं बाकी होती. पण खरं कारण ते नव्हतं. हे काम मला येतं, आणि चांगलं येतं. जे आपल्याला येतं ते दुसऱ्याने काढून घ्यावं आणि आपण घरी बसून मोजे विणावेत, हे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

म्हणून विमानतळाशेजारच्या एका हॉटेलात जाऊन मी सही केली. टेबलावर करारांची चळत होती आणि शेजारी प्लॅस्टिकचा डबा, बिस्किटं येतात तसला. त्यात निळ्या पट्ट्या टाकायच्या होत्या. समोरची बाई म्हणाली, “थँक यू, लॉर्ना, तुम्ही फार समजूतदारपणे घेताय.” तिला उत्तर दिलं असतं तर नोकरी तिथेच गेली असती. पण सही मात्र अशी केली की कोंबडीने पाय फरफटले असावेत. आणि मनात ठरवलं, या फ्लाइट लीडर लोकांना मी जन्मात इन्चार्ज म्हणणार नाही.

करारात बारीक अक्षरांत एक कलम होतं. ते कळायला आमची एक पद्धत माहीत हवी. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी क्रूची बैठक होते. तिथे इन्चार्ज प्रत्येकाला सुरक्षिततेचा एक प्रश्न विचारतो. चुकलात तर दुसरा विचारतात. तोही चुकलात तर त्या दिवशी विमानात पाय ठेवायचा नाही, बॅग उचलून घरी जायचं. हा नियम जुनाच, आणि मला विचाराल तर आमच्या सगळ्या नियमांत शहाणा. नवीन भाग असा की पहिला प्रश्न चुकला, की दुसरा बरोबर आला तरी नोंद करायची, आणि सहा महिन्यांत तीन नोंदी झाल्या की करार संपला. हे कलम बावीस जणांनाच होतं. पगार कापून जे जात नाहीत त्यांना घालवायला काहीतरी निमित्त हवं ना.

छोट्या विमानाचं दोन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं आणि जानेवारीत माझा पहिला दिवस उजाडला. बाहेर विनिपेगची थंडी, उणे बत्तीस. ऑरेस्ट, म्हणजे माझा नवरा, पहाटेच उठून, गोठलेलं इंजिन गरम व्हावं म्हणून गाडीची वायर विजेला लावून आला होता, आणि आता ओटमीलच्या वाटीशेजारी माझी प्रश्नांची कार्डं घेऊन बसला होता.

“मागच्या दारापासून पंखावरच्या दारापर्यंत किती रांगा?”

“अकरा.”

“नक्की?”

“अकरा म्हणजे अकरा. तू काय वकील लागून गेलास?”

“मी रेल्वेत फिटर होतो. फिटर वकिलापेक्षा जास्त शंका घेतो.” त्याने कार्ड गठ्ठ्याच्या मध्यात सरकवलं आणि चार प्रश्नांनंतर तेच पुन्हा काढलं. मी पुन्हा अकरा म्हणाले.

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. केबिनमध्ये धूर भरला की स्वतःचा हात दिसत नाही. आपलं दार अडलं असेल तर ओणवं होऊन पुढे निघायचं, एकेक खुर्ची हाताने चाचपत मोजत जायचं, आणि आकडा भरला की हात बाजूला टाकायचा. तिथे दार असतं. मागून येणारी माणसं तुमचा कोट धरून येत असतात. मोठ्या विमानात मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत सतरा रांगा होत्या. सत्तावीस वर्षं मी सतरा म्हणत आले होते. गोळ्यांच्या गुंगीत असताना दाताच्या डॉक्टरलाही एकदा सतरा म्हणाले होते.

“आज लीडर कोण आहे तुझा?” ऑरेस्टने विचारलं.

“जेरिको.”

त्याने चमचा खाली ठेवला. “तोच? तू उतरवलेला?”

“तोच.”

सहा वर्षांपूर्वी जेरिको मानालो नोकरीला लागून दुसरा आठवडा चालू होता. व्हँकुव्हरचं विमान होतं. मी त्याला हाच प्रश्न विचारला. तो आधी पंधरा म्हणाला, मग सोळा. दुसरा प्रश्न अग्निशामकाचा होता, त्यातही गडबडला. मी त्याला घरी पाठवलं. बदली माणूस येईपर्यंत विमान पस्तीस मिनिटं उभं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “पोराला दोन मिनिटं दिली असतीस तर आठवलं असतं.” मी म्हणाले, “धुरात दोन मिनिटं कोण देतो?” ते वाक्य माझ्या फायलीत अजून आहे, आणि ते तिथे आहे याचा मला अभिमान आहे.

तीन दिवसांनी जेरिको क्रूच्या खोलीत आला. हातात नूडल्सचा भलामोठा डबा. “सतरा,” तो म्हणाला. मग डबा पुढे केला. “आईने पानसित दिलंय. ती म्हणाली, ज्या बाईने तुला उतरवलं तिला तुझ्या जिवाची काळजी आहे, तिला जेवू घाल.” तेव्हापासून तो मला तीता म्हणतो, त्यांच्याकडे मावशीला म्हणतात तसं. पुढे त्याचं सगळं शिक्षण माझ्याच हाताखाली झालं.

विमानतळावर कॉफीच्या यंत्रापाशी सोलांज उभी होती. तीही बावीसांपैकी एक. नदीपलीकडची, सेंट बोनिफेसची, आणि तिच्या जिभेला हाड नाही.

“काय गं, आज चेला परीक्षा घेणार म्हणे! गुरूची विद्या गुरूलाच!”

“घेऊ दे की.”

“सहा वर्षं दात धरून बसला असेल. तो तुला उतरवेल आणि मी एकटीच थंडर बेच्या थांब्यावर कचरा गोळा करत बसेन.”

“तू कचरा गोळा करणार? घरी तुझा नवरा करतो.”

“म्हणून तर म्हणते, मला सोडून जाऊ नकोस.” असं म्हणून तिने तिची कॉफी माझ्या हातात दिली आणि स्वतःसाठी दुसरी काढली. बाई तिखट आहे, पण मनाने लोणी.

बैठकीच्या खोलीत जेरिको आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा गणवेश, बिल्ल्याखाली नवीकोरी निळी पट्टी, समोर टॅब. मी आत आले तसा तो उठून उभा राहिला आणि मग उभं राहायला नको होतं हे लक्षात येऊन पुन्हा बसला. कान लाल झाले होते. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

पूर्वी आम्ही ज्येष्ठतेप्रमाणे आपापली जागा निवडायचो. आता टॅब ठरवतो. सोलांज मध्ये, मी मागचं दार. त्याने सोलांजला विचारलं, ऑक्सिजनच्या बाटल्या कुठे कुठे आहेत. तिने बोटावर मोजून सांगितल्या. “बरोबर,” तो म्हणाला, टॅबवर खूण केली, आणि मान वर न करता पुढे गेला. “तर… हवामान. थंडर बेला वारा आहे, उतरताना थोडं हलेल, म्हणून खाण्याच्या गाड्या लवकर बांधून…”

मला त्याने विचारलंच नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. एक दिवस निभावला, नोंदीची भीती टळली. तेवढं वाटून गेलं आणि मग लक्षात आलं. मला या माणसाने मोठ्या मनाने सोडून दिलं होतं. दुकानात म्हाताऱ्या बाईला रांगेत पुढे सोडतात ना, तसं. कंपनीने पट्टी काढून घेतली, पगार घेतला, हातात कचऱ्याची पिशवी दिली, तरी मी क्रू होते. ज्याला प्रश्न विचारत नाहीत तो क्रू नसतो, प्रवासी असतो.

“जेरिको,” मी म्हणाले, “माझा प्रश्न राहिला.”

“तीता, तुम्हाला काय विचारायचं?”

“म्हणजे? मी तिकीट काढून आलेय का?”

“तसं नाही हो. मला सगळं तुम्हीच शिकवलंत. मी तुम्हाला विचारायचं म्हणजे…”

“काय शिकवलं मी?”

तो टॅबवर बोट फिरवू लागला.

“बोल ना. पहिलं काय शिकवलं?”

“विचारल्याशिवाय कुणी विमानात चढायचं नाही,” तो पुटपुटला.

“मग?”

“विचार रे बाबा,” सोलांज म्हणाली, “नाहीतर ही थंडर बेपर्यंत माझं डोकं खाईल.”

त्याने टॅब खाली ठेवला. बहुतेक मला सोपा पडेल, माझा मान राहील, असाच प्रश्न त्याने शोधला. “मागच्या दारापासून पंखावरच्या दारापर्यंत किती रांगा?”

मी हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सतरा.”

जेरिको माझ्याकडे बघत राहिला. सोलांजचा कप तोंडापाशी थांबला. मला वाटलं, बघताय काय असे? आणि मग माझं उत्तर माझ्याच कानांत शिरलं. सकाळी दोनदा अकरा म्हणाले होते. तासाभरापूर्वी गाडीत एकटीने म्हणाले होते. पण राग चढला की माणूस जुन्या वाटेने चालतो, आणि माझी जुनी वाट सतरा रांगांची होती. जित्याची खोड, दुसरं काय.

“तीता,” जेरिको हळूच म्हणाला, “तुमची जीभ घसरली. तुम्हाला अकरा म्हणायचं होतं. मी अकराच ऐकलं.”

“मीसुद्धा अकराच ऐकलं,” सोलांज म्हणाली. “स्वच्छ अकरा.”

दोघं माझ्यासाठी खोटं ऐकायला तयार होती. त्यांच्या मायेने माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. पण डोळ्यांपुढे मला धूर दिसत होता. अकरा रांगांपाशी दार आहे आणि मी सतरापर्यंत चाचपत चाललेय. दार सहा रांगा मागे राहिलंय, आणि माझा कोट धरून आलेली माणसं माझ्यामागून तशीच पुढे चाललीत. त्या माणसांना माझी सत्तावीस वर्षं काय कामाची?

“मी सतरा म्हणाले,” मी म्हणाले, “आणि तू सतरा ऐकलंस. दुसरा प्रश्न विचार.”

“नोंद करावी लागेल.”

“कर.”

“अहो, तीनच मिळतात. सहा महिन्यांत फक्त…”

“मला मोजता येतं. आज येत नाहीये, पण एरवी येतं.”

सोलांजला हसू फुटलं, ते तिने कॉफीत बुडवलं.

“आणि ऐक,” मी म्हणाले, “सोपा विचारलास तर मी तुझ्या आईला फोन करीन.”

तेव्हा तो बदलला. खुर्चीत सरळ झाला, खांदे मागे गेले, आणि बैठक सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. ही नजर मी ओळखत होते. आरशात बारा वर्षं पाहिली होती.

“चौदाव्या रांगेत प्रवाशाच्या हातात फोनच्या बॅटरीने पेट घेतला. तुम्ही एकट्याच जवळ आहात. क्रमाने सांगा.”

“ओरडून सोलांजला हाक मारायची, ती कॅप्टनला कळवेल आणि दुसरा अग्निशामक आणेल. फोन त्याच्या हातातून खाली टाकायला लावायचा, आजूबाजूची माणसं उठवून दूर करायची. माझा अग्निशामक, ज्वाळा विझेपर्यंत. मग पाणी. भरपूर पाणी, नसेल तर ज्यूस, जे हाताला लागेल ते. फोन उचलायचा नाही, हलवायचा नाही.”

“शेजारचा प्रवासी बर्फाचा ग्लास देतोय.”

“घ्यायचा नाही. बर्फ कधीच नाही.”

“का?”

“वरून थंड झाल्यासारखं दिसतं आणि आत धुमसत राहतं. पाच मिनिटांनी पुन्हा पेटतं.”

त्याने आणखी दोन क्षण माझ्याकडे बघितलं. घाई केली नाही, हसला नाही. “बरोबर,” तो म्हणाला. मग टॅब ओढून घेतला, आणि माझ्यासमोर सगळं नीट लिहिलं. मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. सहा वर्षांपूर्वी मी एक विमान पस्तीस मिनिटं उभं करून ठेवलं होतं, ते वाया गेलं नव्हतं.

प्रवासी चढायच्या आधी मी मागच्या दारापासून पुढे निघाले, डोळे मिटून, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवत. अकरा झाल्यावर हात बाजूला टाकला. दाराची मूठ हाताला लागली. मी मागे गेले आणि पुन्हा मोजलं. पाचव्यांदा निघाले तेव्हा पुढून जेरिको म्हणाला, “तीता, लोक आलेत.” मी म्हणाले, “येऊ देत, मी पोचलेय.”

थंडर बेला वारा होताच. उतरताना विमान असं हललं की एक आजोबा देवाचं नाव घेऊ लागले. रिकाम्या विमानात आम्ही हातमोजे घातले आणि खिशांतून कागद, सालं, कुणाचा तरी अर्धा डोनट काढला. “माझ्या आईला कळलं तर?” सोलांज म्हणाली. “तिला वाटतं मी अजून पॅरिसला जाते.” मी म्हणाले, “आपण काढलेल्या कचऱ्यात डोनट तरी आहे, कंपनीच्या पत्रात तेही नव्हतं.” कमी पगारात हे काम करताना मला लाज वाटली नाही. राग आला, तो आजही आहे, आणि पुढच्या मतदानापर्यंत मी तो जपून ठेवणार आहे.

दुपारी विनिपेगला परतलो. सगळे उतरले, सोलांजही बॅग घेऊन पुढे गेली. दिवस संपवायचा तर टॅबवरच्या फॉर्मवर ज्याची नोंद झाली त्याची सही लागते. जेरिको दारापाशी टॅब छातीशी धरून उभा होता.

“तीता, हे अजून पुढे गेलेलं नाही. तुमची सही होईपर्यंत खोडता येतं.” त्याने टॅब पुढे केला नाही. “तुम्ही मला माणूस केलंत. माझ्या हाताने तुमची पहिली नोंद… मला नाही बघवत.”

“दे इकडे.”

मी वाचलं. लॉर्ना बोयचुक, पहिला प्रश्न चूक, दुसरा बरोबर, उड्डाणास पात्र. कंपनीने माझ्याविषयी गेल्या चार महिन्यांत बरंच काही लिहिलं होतं, पण त्यात शब्द न् शब्द खरा असलेला हा पहिलाच कागद होता. खाली मी सही केली. हॉटेलात केली तशी नाही. पूर्ण नाव, सुटं सुटं, कुणालाही वाचता यावं असं.

“उद्या बैठकीत पहिला मला विचारायचा,” मी म्हणाले.

“कुठला प्रश्न विचारू?”

मी कोटाची बटणं लावली, टोपी कानांवर ओढली.

“ते मला काय विचारतोस?” मी म्हणाले. “इन्चार्ज तू आहेस.”